झेंडूचा हार घातलेली गाडी

२०२४ चा दसरा. दुपारचे साडेबारा वाजले असतील. पुरणाचं जेवण आटोपलं होतं. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं यायच्या आत मागचं आवरून घ्यावं म्हणून मी ओट्याशी उभी होते. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या बचत गटातली एक बाई बोलत होती. आवाज घाबरलेला आणि दबका.

"ताई, पोराला चौकीत नेलंय. घरातली गाडी माज्या भावाकडं लावून देऊ का?"

"कुठली गाडी?"

"त्याचीच वो, मोटारसायकल. आत्ता सकाळीच हार घातलाय तिला."

"कागद आहेत का तिचे?"

पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. मग मीच म्हटलं, "हे बघा, गाडीला हात लावू नका. कडब्यात लपवू नका, कुणाकडे पाठवू नका. आहे तिथं राहू द्या. मी येते."

आमच्या पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीत मी काही वर्षं आहे. समितीचं काम म्हणजे बहुतेक नवरा-बायकोची भांडणं, सासरचा त्रास, पळून गेलेल्या मुली. गाडीचोरीशी आमचा कधी संबंध येत नाही. तो पुरुषांचा विषय, असं मीही धरून चालले होते. पण त्या दसऱ्याच्या दुपारी ठाण्यातल्या बाकड्याच्या दोन टोकांना दोन बाया बसल्या होत्या. एकीची गाडी गेली होती, दुसरीचा मुलगा. मधल्या जागेत कुणी बसायला तयार नव्हतं. बाहेर पोलिसांच्या जीपला झेंडूचा हार होता आणि ठाणे अंमलदारांच्या टेबलावर आपट्याची पानं पडली होती.

मैत्रिणींनो, त्या दिवशी आणि त्यानंतरच्या वर्षभरात मी जे शिकले ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख. दोघींचीही नावं सांगत नाही. गाव लहान आहे, तेवढी झाकली मूठ राहू द्या.

डबेवाल्या काकू

पहिली बाई आमच्या गावात मेसचे डबे देते. बँकेतली बदलीवरची मंडळी, कॉलेजची मुलं, एसटीचे दोन-तीन कंडक्टर, असे बत्तीस डबे. नवरा गेल्यावर तिनं हे काम सुरू केलं आणि चार वर्षांनी जुनी स्कूटी घेतली. त्या स्कूटीवर तिचं घर चालतं म्हटलं तरी चालेल. पहाटे भाजी आणणं, दुपारी आणि रात्री डबे पोचवणं, रिकामे डबे गोळा करणं, सगळं त्या स्कूटीवर.

नवरात्रात अष्टमीच्या रात्री तिनं किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. पहाटे पाचला बघते तर खिळा रिकामा आणि अंगणही रिकामं. गाडीचं मूळ आरसी बुक आणि विम्याचा कागद, दोन्ही डिकीत. विमाही फक्त थर्ड पार्टी. म्हणजे गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर विमा कंपनी देणार, पण गाडीच चोरीला गेली तर एक पैसा मिळणार नाही. हे तिला त्या दिवशी कळलं.

ती ठाण्यात गेली तेव्हा तिथल्या एकानं सांगितलं, "मावशी, सणाचे दिवस आहेत. कुणीतरी फिरवायला नेली असेल, येईल. दोन दिवस वाट बघा." ती बिचारी परत आली. वाट बघण्यात एक दिवस गेला.

इथंच पहिली गोष्ट लिहून ठेवा. वाहनचोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तुमची फिर्याद घ्यावीच लागते. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करायची. फिर्यादीची प्रत तुम्हाला फुकट मिळते. ठाण्यात नाहीच घेतली, तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येतो. त्यानंतरही दाद नाही लागली तर कोर्ट आहे. आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं असतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वाट बघण्यात दोन नुकसानं होतात. चोर लांब जातो, हे एक. आणि ज्यांचा विमा पूर्ण असतो त्यांना पुढे कंपनी विचारते, "फिर्याद इतकी उशिरा का?" कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला पण पोलिसांत फिर्याद लगेच दिलेली होती, तर तेवढ्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली दिला. म्हणजे आधी पोलीस आणि त्याच दिवशी कंपनी, हे सगळ्यात बरं.

दुसऱ्या दिवशी काकूंची फिर्याद नोंदली गेली. पण फिर्याद देताना त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. ती नंतर बाहेर आली.

"चोरली न्हाई, नुसती नेली हुती"

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या तालुक्यात एका पेट्रोल पंपावर दोन मुलं स्कूटीसकट सापडली. एक एकोणीस वर्षांचा, म्हणजे मला फोन करणाऱ्या बाईचा मुलगा. दुसरा सतरा वर्षांचा त्याचा मित्र. दोघं तुळजापूरला देवीला निघाले होते. जाऊन आले, येताना पेट्रोल संपलं आणि पंपावर पैशांवरून वाद झाला. तिथल्या माणसानं पोलिसांना बोलावलं.

आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "ताई, त्यानं चोरली न्हाई वो. नुसती फिरवायला नेली हुती. देवीलाच गेलं हुतं लेकरू. परत आणून लावणारच हुता."

खरं सांगते, मलाही तेव्हा तसंच वाटलं. विकायची नव्हती, ठेवून घ्यायची नव्हती, मग चोरी कशी? आमच्या समितीतल्या वकीलताईंना मी तेच विचारलं. त्यांनी मला एक जुना खटला सांगितला. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातून दोन तरुणांनी परवानगी नसताना सरावाचं विमान उडवलं आणि ते पाकिस्तानात जाऊन उतरलं. विमान काही त्यांना विकायचं नव्हतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की वस्तू कायमची न्यायचा हेतू नसला तरी चोरी होऊ शकते. मालकाच्या संमतीशिवाय, हक्क नसताना, थोड्या वेळापुरती जरी वस्तू त्याच्या ताब्यातून अप्रामाणिकपणे काढून घेतली, तरी ती चोरीच.

विमानाला जो न्याय तोच स्कूटीला. "परत ठेवणार होतो" हे वाक्य शिक्षा कमी करायला कदाचित उपयोगी पडेल, गुन्हा पुसायला नाही.

पूर्वी चोरीला भारतीय दंड विधानाचं कलम ३७९ लागायचं. १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. तिच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी, वर दंड. चोरलेली वस्तू पाच हजार रुपयांच्या आतली असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा, अशी नवी तरतूद आहे. पण पाच हजारांत हल्ली गाडी कुठली येते?

माल किंवा प्रवासी यांच्या वाहतुकीसाठी वापरलं जाणारं वाहन चोरलं तर कलम ३०५, त्यात सात वर्षांपर्यंत कैद. गाडी हिसकावताना मारहाण झाली, धाक दाखवला, तर ती जबरी चोरी. तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हमरस्त्यावर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जबरी चोरी झाली तर चौदा वर्षांपर्यंत. आणि टोळी करून, सतत, धंदा म्हणून गाड्या चोरणाऱ्यांसाठी संघटित गुन्हेगारीचं नवं कलम १११ आहे. त्यात वाहनचोरीचा नाव घेऊन उल्लेख आहे. शिक्षा कमीत कमी पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आणि किमान पाच लाख रुपये दंड.

मोटार वाहन कायद्यातही एक छोटं कलम आहे, १९७. परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी काढून चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मालकानं परवानगी दिलीच असती" असं मानायला खरोखर कारण होतं हे कोर्टाला पटलं, तर मात्र या कलमाखाली शिक्षा होत नाही. पुतण्यानं काकाची गाडी न विचारता बाजारात नेली, असली प्रकरणं यात येतात.

सतरा वर्षांच्या मुलानं नेमकं हेच सांगितलं. "काकू मला रोजच गाडी देतात."

आणि ते खरं होतं! तोच संध्याकाळचे डबे पोचवायचा. किल्ली कुठं असते, कागद कुठं असतात, हे त्याला म्हणूनच ठाऊक. काकूंनी फिर्यादीत हे सांगितलं नव्हतं, कारण मुलगा अठराच्या आतला, लायसन नाही आणि गाडी त्यांनीच हातात दिलेली. २०१९ सालच्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

काकू रडायला लागल्या. "मी गरीब पोराला दोन पैसे मिळावेत म्हणून काम दिलं, ते माझ्याच अंगाशी आलं." मी त्यांना म्हटलं, खरं आहे ते सांगून टाका. त्यांनी पुरवणी जबाबात सगळं सांगितलं. डबे वाटायला गाडी दिली म्हणजे रात्री खिळ्यावरून किल्ली काढून तुळजापूरला न्यायची परवानगी दिली असं होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हार घातलेली गाडी

आता दुसरीकडे येऊ. ठाण्यात मोठ्या मुलाला फौजदारांनी साधा प्रश्न विचारला, "तुझ्याकडे मोटारसायकल आहे ना? मग काकूंची स्कूटी कशाला नेली?"

तो पटकन बोलून गेला, "तिला कागद न्हाईत सायेब. हायवेला धरत्यात."

झालं. एका वाक्यात स्वतःच्याच तोंडानं तो अडकला. श्रावणात त्यानं एका गॅरेजवर ओळख झालेल्या माणसाकडून ती गाडी नऊ हजारांना घेतली होती. चांगली धडधाकट गाडी, बाजारात पन्नास-साठ हजारांची. "कागद मागून देतो," म्हणाला होता विकणारा. नंतर त्याचा फोन लागेना. पोलिसांनी चासी नंबर टाकून बघितला, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बाजारतळावरून जून महिन्यात चोरीला गेलेली गाडी निघाली. ती चोरी १ जुलैच्या आधीची म्हणून तिकडचा गुन्हा जुन्या कलम ३७९ चा. आणि आमच्या पोरावर नवं कलम ३१७, म्हणजे चोरीचा माल घेणं, जवळ बाळगणं.

हे कलम प्रत्येक आईनं समजून घ्यावं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असून जो तो अप्रामाणिकपणे घेतो किंवा ठेवतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे प्रत्यक्ष चोरी करणाऱ्याला जेवढी, तेवढीच. असा माल लपवायला किंवा विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत. आणि असल्या मालाचा नेहमीचाच व्यवहार करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा आहे, पण कोर्ट बघतं की माहीत व्हायला हवं होतं का. किंमत इतकी कमी का? कागद का नाहीत? विकणारा कोण, राहतो कुठं?

आता त्या दुपारचा फोन आठवा. "भावाकडं लावून देऊ का?" तिनं ती गाडी भावाकडे पाठवली असती, तर मुलाच्या जोडीला ती आणि तिचा भाऊही या कलमाच्या तोंडाशी आले असते. शेजारचा एक शहाणा तर तिला म्हणाला होता, "विहिरीत ढकल, पुरावाच नको!" संकटात असले सल्लागार फार लवकर गोळा होतात.

संध्याकाळी पोलीस पंच घेऊन घरी गेले. मी सोबत होते. गाडी अंगणात तुळशीजवळ उभी. स्वच्छ धुतलेली, पुढच्या चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. पंचनाम्यात गाडीचं वर्णन लिहिताना हवालदार क्षणभर थांबले आणि हार काढून त्यांनी तो आईच्या हातात दिला. ती म्हणाली, "मी ओवाळलं वो हिला. पैल्यांदा दारात गाडी आली म्हणून पाच बायांना हळदीकुंकू दिलं." मग माझ्याकडे बघून हळूच, "मी इचारलं हुतं ताई, कितीला घेतली. कागदाचं न्हाई इचारलं."

मला तिला काही बोलता आलं नाही. कारण मीच आठवत होते. आमच्याकडे जुनी गाडी घेतली तेव्हा पावणेदोन वर्षं ती आधीच्या मालकाच्या नावावर होती. जाऊ, करू, म्हणत राहिलो. गाडी घरात आली की आपण पेढे वाटतो, मायलेज विचारतो, रंग बघतो. आरसी बुकावर कुणाचं नाव आहे ते बघत नाही. गाडी विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे किती घरांत माहीत आहे?

एकोणीस आणि सतरा

दोन्ही मुलं एकाच गाडीवर सापडली, पण त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कारण मध्ये अठरा वर्षांची रेघ आहे.

सतरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या भाषेत 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. त्याचं नाव किंवा फोटो कुठंही छापता येत नाही. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षेवर पालकांच्या ताब्यात देणं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवणं, असं काहीही ठरवू शकतं. या मुलाला त्याच्या वडिलांच्या हमीवर घरी सोडलं आणि समुपदेशनाला यायला सांगितलं.

हे कळल्यावर मोठ्याच्या आईनं मला कोपऱ्यात घेतलं. "शाळंच्या दाखल्यावर वय कमी करून मिळंल का वो?" मी एकदम ओरडलेच तिच्यावर. वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिल्यांदा बघतात. त्यात खाडाखोड करणं म्हणजे पोराच्या एका गुन्ह्यावर आईनं दुसरा रचायचा.

मोठ्याला अटक झाली. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, गरज का आहे ते लिहावं, नाहीतर नोटीस देऊन चौकशीला बोलवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलेलं आहे. इथं दोन-दोन गाड्या सापडल्यामुळे अटक झाली. चोरीचं हे कलम अजामीनपात्र. याचा अर्थ जामीन मिळत नाही असा नाही, तो ठाण्यात मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो.

वकिलाला द्यायला पैसे नव्हते. आई गळ्यातलं विकायला निघाली होती. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि कोठडीतल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांना तर उत्पन्न कितीही असो, ही मदत मिळते. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. समितीच्या वकिलांनी अर्ज केला आणि अकराव्या दिवशी मुलगा जामिनावर बाहेर आला.

खटला अजून उभा आहे. तारखा पडताहेत. दोषी ठरला तरी एकविसाच्या आतल्या मुलाला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडता येईल का ते बघावं, असं १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो. पण ते कोर्टाच्या हातात. दरम्यान पोलीस भरतीचा फॉर्म भरायचं त्याचं स्वप्न अडकून पडलंय. अशा फॉर्ममध्ये तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, असा रकाना असतो. खरं लिहिलं तर नोकरी मिळेल याची खात्री नाही. लपवलं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. तीन वर्षांची कैद कायद्याच्या पुस्तकात आहे, पण या रकान्याची शिक्षा निकाल लागायच्या आधीच सुरू झाली.

गाडी सापडली, पुढं?

डबेवाल्या काकूंना वाटलं, गाडी सापडली, आता घरी न्यायची. तसं नसतं. सापडलेली गाडी मुद्देमाल होते. ठाण्याच्या मागं आपण बघतो ना, गंजलेल्या, वेली चढलेल्या गाड्यांची रांग? त्यातल्या कितीतरी कुणाच्या तरी घामाच्या असतात, मालकांनी मागितल्याच नाहीत म्हणून पडून असतात. मागायचा रस्ता आहे. कोर्टात अर्ज करायचा, मालकीचे कागद दाखवायचे आणि सुपूर्तनामा लिहून द्यायचा की खटला संपेपर्यंत गाडी विकणार नाही, बोलावलं तेव्हा हजर करीन. अशा गाड्या ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सुंदरभाई देसाई खटल्यात बजावलं आहे. नव्या संहितेत तर त्याला मुदतही घातली आहे.

काकूंचे कागद डिकीत होते, ते गाडीबरोबरच जप्त झाले. त्यांच्या नकला जमवून अर्ज करेपर्यंत आणि गाडी हातात पडेपर्यंत साडेतीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत बत्तिसातले चौदा डबे दुसरीकडे गेले. त्या चालत, कधी भाड्याच्या रिक्षानं डबे पोचवत होत्या. कायद्यात चोराची शिक्षा लिहिली आहे, पण गेलेल्या चौदा गिऱ्हाइकांची भरपाई कुठं लिहिलेली मला सापडली नाही.

मोठ्या मुलाची आई त्यांच्याकडे माफी मागायला गेली होती. मीही होते. काकूंनी तिला आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही. पण फिर्याद मागं घ्या म्हणू नका. माझी पोरगीही उद्या कॉलेजला गाडी नेणार आहे." मला वाटलं, आता भांडण होणार. पण ती बाई गुमान चहा प्याली आणि कपबशी विसळून ठेवून निघाली.

एवढं लक्षात असू द्या

आरसी बुक आणि विमा यांचं मूळ डिकीत ठेवू नका, मोबाइलमध्ये डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर ठेवा. ते दाखवलेलं चालतं. चासी नंबर आणि इंजिन नंबर घरातल्या वहीत लिहून ठेवा. दुसरी किल्ली जपा, विम्याच्या दाव्याला कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. गाडी नाहीच सापडली, तर पोलीस कोर्टात 'अ' समरी अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विम्याचे पैसे मिळवायला तो कागद लागतो. त्यासाठी पाठपुरावा करा.

जुनी गाडी घेताना आरसी बुकावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं आधार कार्ड जुळवा. चासीवरचा नंबर आपल्या डोळ्यांनी बघा. कागद "नंतर देतो" म्हटला की पैसेही नंतर.

आणि मुलगा ठाण्यात असल्याचा फोन आला तर घरातलं काहीही हलवू नका. विहिरीत, कडब्यात, भावाकडं, कुठंही नाही. दाखला, आधार कार्ड घ्या आणि विधी सेवा समितीचं दार ठोठवा. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल, तर बाईला तिच्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही, जबाब घरीच घ्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

२०२५ च्या दसऱ्याला बचत गटाच्या बैठकीत ती बाई भेटली. धाकट्या मुलीसाठी जुनी सायकल घ्यायची होती. विकणारा ओळखीचाच, गल्लीतला. सोळाशे रुपयांची सायकल. तरी तिनं त्याला दारात उभं करून विचारलं म्हणे, "पावती हाय का?" तो हसला. ही म्हणाली, "हसू नगं. पावती आण, तवर सायकल तुज्या घरी." तो दुसऱ्या दिवशी दुकानाची जुनी, पिवळी पडलेली पावती शोधून घेऊन आला. तिनं ती पावती मला दाखवली. बटव्यात, देवीच्या फोटोशेजारी घडी घालून ठेवली होती.

सायकलला तिनं हार घातला का, ते मी विचारलं नाही.